नळीवरचा आकडा: जुन्या शिकारी रायफली आणि न मिळणारी काडतुसं

कोल्हापूरकडच्या माझ्या एका मित्राच्या वडिलांच्या नावावर जुनी दुनळी रायफल होती. वडील गेले तशी ती नियमाप्रमाणे शस्त्रविक्रेत्याकडे जमा झाली, वारस म्हणून परवान्याचा अर्ज गेला, आणि एक दिवस मित्राने मला त्या दुकानात बोलावून घेतलं. काउंटरवर जाड कापड अंथरून त्यावर रायफल ठेवलेली. शेजारी लाल-पिवळ्या कागदी खोक्यात पाच काडतुसं, एकेक माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब. पितळ काळवंडलेलं, तळावर गोलाकार अक्षरांत बनवणाऱ्या कंपनीचं नाव, 'कायनॉक'. नळीवर बारीक नक्षीच्या कडेला कोरलं होतं: .४५०/४००.

"हिला कुठली गोळी लागते ते सांग," मित्र म्हणाला, "आणि ती आता मिळते कुठे?"

घरात वारशाने आलेली जुनी शिकारी रायफल असलेल्या प्रत्येकाला पडणारा हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर नळीवरच लिहिलंय असं वाटतं. तसं नसतं, आणि इथेच माणसं फसतात. म्हणून सुरुवात त्या आकड्यापासून.

रायफलच्या नळीच्या आत आटे असतात, म्हणजे मळसूत्रासारख्या वळत गेलेल्या खाचा. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. नळीचा व्यास मोजायचा तो खाचांच्या तळापासून की खाचांमधल्या उंचवट्यांवरून, यावर जगात एकमत कधीच नव्हतं. इंग्रज बनावटीच्या .३०३ रायफलमध्ये .३०३ इंच हे माप उंचवट्यांचं आहे. तिच्यात जाणारी गोळी जवळपास .३११ इंचाची असते. .३१८ वेस्टली रिचर्ड्सची गोळी .३३० इंचाची. .४०४ जेफ्रीची गोळी .४२३ इंचाची. .२७५ रिग्बीची .२८४ इंचाची. म्हणजे नळीवरचा आकडा हे माप नाही, ते काडतुसाचं नाव आहे. 'बाटा सात नंबर' म्हटल्यावर पाऊल सात इंचाचं आहे असं कुणी समजत नाही. इथेही तसंच समजावं.

आकडे दोन असले की गोंधळ दुप्पट. इंग्रजांच्या पद्धतीत .४५०/४०० म्हणजे मुळात .४५० ची पितळी पुंगळी, तिची मान दाबून .४०० ची गोळी बसेल इतकी अरुंद केलेली. अमेरिकेत मात्र .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल. .३०-३० मधले दुसरे ३० म्हणजे आतल्या स्फोटक दारूचं वजन, ३० ग्रेन, जेमतेम दोन ग्रॅम. .४५-७० मधले ७० म्हणजेही दारूच, पण काळी. आणि युरोपातल्या ७x५७ मध्ये ७ हे नळीचं ढोबळ माप, ५७ ही पुंगळीची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दोन आकडे लिहायची पद्धत तीच, अर्थ चार. त्यामुळे रायफल कुठल्या देशाची हे ठरल्याशिवाय नळीवरचा आकडा वाचायचाच नाही.

मित्राच्या रायफलीचं नाव कळलं तरी काम संपत नव्हतं. .४५०/४०० या नावाची काडतुसं एक नाही, तीन आहेत: पुंगळीची लांबी २⅜ इंच, ३ इंच आणि ३¼ इंच. ३¼ इंची मुळात काळ्या दारूच्या जमान्यातली. नंतर कॉर्डाइट ही जोरदार दारू आली, दाब वाढला, आणि उष्ण प्रदेशात ती लांब मानेची पुंगळी बार झाल्यावर चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी, अडकू लागली. समोर जखमी वाघ आणि नळीत अडकलेली पुंगळी, यापुढे काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून लंडनच्या जेफ्री कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मान आखूड आणि तळाची कड जाड असलेली ३ इंची पुंगळी काढली. तिलाच .४०० जेफ्री असंही म्हणतात. तिन्ही एका घराण्यातल्या, पण एकीचं काडतूस दुसरीत चालवायचं नाही.

ही कॉर्डाइटची गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण जुन्या रायफलीतला जिवावर बेतणारा धोका तिच्यात आहे.

१८८९मध्ये कॉर्डाइट तयार झालं आणि लवकरच ब्रिटिश सैन्याने ते स्वीकारलं. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन (आम्लाची प्रक्रिया केलेला स्फोटक कापूस) आणि थोडं व्हॅसलीन यांचा हा लगदा. त्याच्या शेवया पाडून, जुडी करून पुंगळीत उभ्या भरत. जुनं काडतूस खोललं तर आत खरोखर शेवयांची जुडी दिसते. तामिळनाडूत निलगिरीत अरुवनकाडूला या दारूचा मोठा कारखाना उभा राहिला. तो आजही आहे आणि त्याचं नावही कॉर्डाइट फॅक्टरीच आहे. काळ्या दारूपेक्षा कॉर्डाइटचा जोर कितीतरी जास्त आणि धूर जवळजवळ नाही. पण बंदूक बनवणाऱ्यांनी बऱ्याच ठिकाणी पुंगळी जुनीच ठेवली, फक्त आतली दारू बदलली. .५०० एक्स्प्रेसचं ३ इंची काडतूस काळ्या दारूचंही आहे आणि नायट्रोचंही, म्हणजे कॉर्डाइटसारख्या नव्या दारूचंही. बाहेरून मापं तीच. १८८०च्या आसपासची, काळ्या दारूसाठी बनवलेली मऊ पोलादाची नळी, तिच्यात .५०० नायट्रो एक्स्प्रेसचं काडतूस अलगद बसतं. चाप ओढला तर ती नळी तो दाब सोसेलच असं नाही, आणि फुटली तर ती डाव्या हाताच्या पंजात फुटते.

मग ओळखायचं कसं? नळीच्या खालच्या सपाट बाजूवरून. रायफल मोडून नळ्या वेगळ्या काढल्या की चेंबरच्या खाली बारीक ठसे दिसतात. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम इथली प्रूफ हाउसं प्रत्येक नळीची नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून परीक्षा घेतात आणि पास झालेल्या नळीवर ठसा मारतात. त्याशिवाय ती विकता येत नाही. मुकुटाखाली 'एन.पी.' अक्षरं असतील तर नळी नायट्रो दारूसाठी तपासलेली. ती नसतील, तर रायफल कितीही देखणी असो, आधुनिक काडतूस तिच्याजवळही नेऊ नये.

दुकानदारांनी मित्राच्या रायफलीच्या नळ्या काढल्या, कापसाने तेल पुसलं आणि भिंगाखाली धरल्या. मुकुट होता, एन.पी. होतं. शेजारी आणखी एक ओळ होती, आणि ती वाचून मला मनापासून आनंद झाला: 'कॉर्डाइट ६०-४०० मॅक्स'. ६० ग्रेन कॉर्डाइट, ४०० ग्रेनची गोळी, त्याहून जास्त नाही. ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, तेव्हा दारू चार ग्रॅमहून किंचित कमी आणि गोळी २६ ग्रॅमची.

ही ओळ फक्त इशारा म्हणून नसते. दुनळी रायफलीच्या दोन नळ्या समांतर वाटतात, पण नसतात. तोंडाकडे त्या जराशा एकमेकींकडे झुकलेल्या असतात. उजव्या नळीचा बार झाला की धक्क्याने रायफल उजवीकडे आणि वर फिरते, डावीचा झाला की डावीकडे. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत हे फिरणं सुरू झालेलं असतं. त्यामुळे कारागीर नळ्यांच्या मधे पाचर बसवून, गोळ्या झाडून, पाचर हलवून, पुन्हा झाडून बघतो, आणि दोन्ही नळ्यांच्या गोळ्या निशाण्यावर एकाच जागी पडू लागल्या की मग डाक देऊन नळ्या कायमच्या जोडतो. हे सगळं एकाच प्रकारच्या काडतुसावर जमवलेलं असतं. वेगळ्या वजनाची किंवा वेगळ्या वेगाची गोळी घातली की उजवी नळी एकीकडे मारते, डावी दुसरीकडे. दुनळीला 'बसणारं' काडतूस पुरत नाही, ती ज्यावर जुळवली तेच काडतूस लागतं. दोन जिवंत नळ्यांना हातांनी असं जुळवणाऱ्या त्या कारागिरांबद्दल मला फार आदर वाटतो.

आता इतके विचित्र बोअर, म्हणजे नळीची मापं, भारतातच एवढे का सापडतात, ते पाहू. १८९८ साली इंग्लंडच्या रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस आणलं आणि मोठ्या जनावरांच्या शिकारीत तेच चाललं. पण सरकारी मार्टिनी-हेन्री रायफलही .४५० च्याच गोळीची होती आणि तशा रायफली बंडखोरांच्या हाती पडत होत्या. शिकाऱ्यांच्या काडतुसांतून त्यांना गोळ्या मिळतील या भीतीने सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली. मग इंग्रज बंदूकवाल्यांनी एकेक करून .४५० च्या जरासे पुढचे बोअर बाजारात आणले: .५००/४६५, .४७०, .४७५, .४७६. १९०७च्या आगेमागे हे सगळं झालं. आज दुनळी रायफलींमध्ये .४७० ला मोठा मान आहे, तो मुळात हिंदुस्थानातल्या एका सरकारी हुकुमामुळे. संस्थानिकांनी या रायफली भरपूर घेतल्या, आणि आपल्या राजवाड्यांमधून, इनामदारांच्या वाड्यांमधून त्या पुढच्या पिढ्यांकडे आल्या.

मग काडतुसं कुठे गेली? गिऱ्हाईकच संपलं. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली, १९७१ला तनखे बंद झाले, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला, आणि तो संपला हे चांगलंच झालं. आफ्रिकेतल्या वसाहतीही स्वतंत्र होत होत्या. बर्मिंगहॅमच्या कायनॉक कंपनीने मोठ्या बोअरची काडतुसं बनवणं हळूहळू थांबवलं. पुढची कितीतरी वर्षं या रायफली उपाशी राहिल्या. पुढे इंग्लंडमध्ये कायनॉक हे नाव घेऊन दुसऱ्या छोट्या कंपनीने ती पुन्हा बनवायला घेतली, आणि अमेरिकेत हॉर्नडी कंपनीने .४७०, .४०४ जेफ्री, ३ इंची .४५०/४०० अशी निवडक काडतुसं काढली. तिकडे ती महाग पडतात. पण मिळतात.

जिम कॉर्बेट यांच्या दोन रायफलींवरून हे नीट दिसतं. १९०७मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना .२७५ रिग्बी भेट दिली. दस्त्यावर तसा चांदीचा पत्रा आहे. .२७५ रिग्बी हे ७x५७ माउझरचंच इंग्रजी नाव. ते काडतूस जगभर बनत राहिलं, त्यामुळे ती रायफल कधीच उपाशी पडली नाही. त्यांची दुसरी, जेफ्रीची दुनळी, .४५०/४०० ची. त्या बोअरचं काडतूस कित्येक वर्षं कुठल्याच कारखान्यात बनत नव्हतं. माणूस तोच, जंगल तेच, पण एका रायफलीचं काडतूस लष्करांनी आपलंसं केलं म्हणून ते टिकलं.

आणि एक उदाहरण उलटं आहे, ते आपल्या अगदी जवळचं. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १८९०च्या सुमारास ८x५०आर मानलिखर हे काडतूस वापरात आणलं. १९३०नंतर ऑस्ट्रियाने ते सोडलं आणि युरोपात आज ते दुर्मीळ बोअरमध्ये मोडतं. तिकडचे संग्राहक पुंगळ्या जमवत फिरतात. भारतात मात्र सरकारी .३०३ खाजगी माणसाला बंद होती, म्हणून बर्मिंगहॅमच्या बीएसएसारख्या कंपन्यांनी ली बनावटीच्या, म्हणजे .३०३ सारख्याच यंत्रणेच्या, शिकारी रायफली याच ऑस्ट्रियन काडतुसासाठी करून इकडे पाठवल्या. इथे त्याचं नाव पडलं .३१५. पुढे बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्याने .३१५ ची रायफल बनवली, काडतुसं पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यातून येऊ लागली. तळावर 'केएफ' अक्षरं दिसतात ती खडकीची. पीकरक्षणाच्या परवान्यावर रानडुकरांसाठी रायफल घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याकडे बहुधा हीच असते. व्हिएन्नाच्या संग्राहकाला जे शोधून सापडत नाही, ते आपल्या जिल्ह्याच्या गावी दुकानात मिळतं.

फक्त एक सांभाळायचं. .३१५ ला बोलताना 'एट एमएम' म्हणतात आणि जर्मन ८x५७ माउझरलाही एट एमएमच म्हणतात. दोन्ही काडतुसं वेगळी आहेत. 'एट एमएम द्या' असं म्हणून काडतूस घेऊ नये. परवान्यावर लिहिलेला बोअर दाखवावा.

पुन्हा मित्राच्या पाच काडतुसांकडे येतो. ती जपून ठेवली होती, मग चालतील का? इतक्या जुन्या काडतुसात तीन गोष्टी बिघडतात. तळाची टोपी, जिच्यावर घोडा आपटतो, ओलाव्याने मंदावते. मग बार उशिरा होतो. चाप ओढल्यावर काहीच झालं नाही म्हणून माणूस रायफल उघडायला जातो आणि तेवढ्यात उडतं. त्या टोपीतल्या क्षारांमुळे नळीत मीठ साचतं आणि हवेतली ओल ओढून आटे गंजवतं. जुने शिकारी म्हणूनच दिवस संपला की नळीत आधी गरम पाणी ओतत आणि मग तेल लावत. दुसरं, कॉर्डाइट उष्णतेने बिघडतं आणि तापलं की जास्त दाब देतं. आपल्या विदर्भासारख्या उन्हासाठी 'ट्रॉपिकल' असं लिहिलेली, कमी दारूची वेगळी काडतुसं तेव्हा येत.

तिसरी गोष्ट पितळेची. ब्रिटिश लष्कराला दिसलं की पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं न वापरताच मानेशी तडकतात. कारण पुढे १९२१ साली नीट उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतली ओल आणि मान दाबताना पितळेत राहिलेला ताण, या तिघांनी मिळून पितळ फोडलं. धातुशास्त्रात याला आजही सीझन क्रॅकिंग, म्हणजे ऋतूची तडक, म्हणतात, आणि तो ऋतू आपला पावसाळा आहे.

भिंग होतंच हातात. पाचही मानेशी फिरवून पाहिली. दोघांना केसासारखी उभी रेघ होती. बोटाने लागत नव्हती, उजेड तिरका पाडल्यावर दिसली.

बाहेरच्या देशांत अशा वेळी लोक चेंबरचा साचा घेतात. सेरोसेफ नावाचा, उकळत्या पाण्याहूनही कमी उष्णतेला वितळणारा धातू चेंबरमध्ये ओततात. तो आधी आकसतो, मग फुगतो, आणि तासाभराने चेंबरच्या मापाइतका होतो. तेव्हा व्हर्नियरने मोजायचा. नळीवर काहीही कोरलेलं असो, मधे कुणी चेंबर कापून बदललं असेल तर ते साच्यातच कळतं. मग दुसऱ्या बोअरच्या पुंगळ्या कापून, दाबून ते काडतूस घरी भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा तो रस्ता बंद. माप घेणंही परवानाधारक दुकानदाराकडूनच करून घ्यावं.

कायद्याबाबत एक गैरसमज फार पसरला आहे: 'शंभर वर्षं जुनी आहे, तिला कशाला लायसन्स?' शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ४५ मधली सूट जुन्या बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. वय मोजलं जात नाही, बार होऊ शकतो का ते पाहिलं जातं. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक केंद्रीय कायद्याने पुरातन ठरते. इंग्लंडने २०२१च्या नियमांत १ सप्टेंबर १९३९च्या आधीची बनावट ही अट घातली आणि सोबत कालबाह्य काडतुसांची यादी दिली. म्हणजे तिथे शोभेची वस्तू म्हणून बंदूक ठेवता येईल का, हे तिचं काडतूस आज मिळतं का यावर बरंच अवलंबून आहे.

आपल्याकडे २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन होती. वारशाची शस्त्रंही या दोनमध्येच धरली जातात. त्यामुळे मोठा खाजगी संग्रह ही गोष्ट आता उरलेली नाही. ज्या घरात चार-पाच होत्या, तिथे कुठल्या दोन ठेवायच्या हे ठरवावं लागलं. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो जिवंतपणीच ते वारसाकडे देण्यासाठी अर्ज करू शकतो. घरात वडीलधारे असतील तर हे आत्ताच करावं, ही माझी कळकळीची विनंती. मागून कागद जुळवताना रायफल नेमकी कुठल्या बोअरची म्हणून नोंदली आहे, इथूनच घोळ सुरू होतो. माझ्या मित्राच्या जुन्या परवान्यावर नुसतं '४५० रायफल' लिहिलेलं निघालं. जन्मभर तीच नोंद नूतनीकरणात उतरवली जात होती.

त्या दुपारी दुकानदारांनी रजिस्टर उघडून नवी नोंद केली: दुनळी, .४५०/४००, पुंगळी ३ इंची, नळ्यांचे क्रमांक, प्रूफचे ठसे, 'कॉर्डाइट ६०-४००'. मित्राने अर्जाला जोडायला त्याची प्रत मागून घेतली. पाच काडतुसांच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'जुनी, वापरण्यायोग्य नाहीत, पैकी दोन तडकलेली'. मग खोकं सुतळीने बांधलं, गाठीवर लाख ओतून शिक्का मारला आणि कपाटात ठेवलं.

"मग हिला गोळी नाहीच?" मित्राने विचारलं.

"इथे कुणी बनवत नाही," ते म्हणाले, आणि नळ्यांना पुन्हा तेल लावायला घेतलं.